हद्दीबाहेरची भट्टी

भट्टीवरून
१२ जानेवारी

ताई,

नमस्कार फोनवरच केला होता, पण तो तुझ्या बोलण्याखाली दबला. म्हणून हे पत्र. फोनवर तू माझी बहीण राहत नाहीस, नगराध्यक्ष होतेस. मी 'अगं, पण' म्हणतो आणि तू टाळ्या संपायची वाट बघावी तशी क्षणभर थांबून पुढे सुरू होतेस. कागदावर तरी तुला मला मधेच तोडता येणार नाही.

तुझ्या नगरपालिकेची नोटीस आली. डिसेंबरअखेर शहर 'कार्बन तटस्थ' होणार. म्हणजे ते जेवढा धूर हवेत सोडेल तेवढा त्याची झाडं पिऊन टाकतील आणि बाकी उरेल शून्य. त्यासाठी आमची काचेची भट्टी तोवर बंद व्हायला हवी. तुझ्या भावजयीने नोटीस वाचली आणि म्हणाली, "शून्य मिळवायला एवढा आटापिटा? ह्यांना शाळेत ते न मागता मिळायचं."

तुझा जन्म या भट्टीशेजारचा, तरी सांगतो, कारण ज्याने नोटिशीवर सही केली तो पंखा बंद करावा तशी भट्टी बंद होते असं समजतो. टाकीत काच मधासारखी वितळलेली असते. आग थांबली की ती तिथेच गोठते, विटांना कवटाळून बसते आणि विटा तडकतात. ती भट्टी पुन्हा पेटत नाही, नवी बांधावी लागते. म्हणून तर भट्टीला एकटं सोडायचं नाही हा आपल्या घरचा नेम. तुझ्या लग्नातही अण्णा ताटावरून उठून पाळीवर आले. सासरी जाताना तू रडलीस ती आमच्या मायेने नव्हे, भट्टीवरच्या रागाने, असं आई सांगायची.

मी तुझ्या विरोधात नाही. विजेवर चालणारी भट्टी असते. ती शेजारी उभी करू दे. ती तापली की जुनी मी स्वतः विझवीन. मला फक्त मधला काळ दे.

तुझा
धाकटा


नगरपालिका कचेरी
२३ जानेवारी

धाकट्या,

पत्र शेवटपर्यंत वाचलं, कुठेही तोडलं नाही. आता तूही तोडू नकोस.

मला मिरवायचंय असं तुला वाटत असेल. मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या पत्र्याखाली मुलं एकामागून एक बाकावर माना टाकत गेली, तेव्हा तिथे मी होते. बाजारामागच्या खोलीत एक म्हातारी बसल्या जागी गेली. तिला उचलणाऱ्यांत मी होते. तिचं अंग चुलीवरून उतरवल्यासारखं तापलेलं होतं. त्या संध्याकाळी चौकात मी जे बोलले ते मला कुणी लिहून दिलेलं नव्हतं. 'या शहरात एकही धुराडं राहणार नाही,' असं मी म्हणाले आणि सगळा चौक उठून उभा राहिला.

लोक विचारतात, एका शहराने काय होणार? प्रत्येक शहर हाच प्रश्न विचारत हातावर हात ठेवून बसलंय, म्हणून तर काही होत नाही. ज्यांनी धूर केला ते गार खोल्यांत बसतात आणि ज्यांच्याकडे खिडकीही नाही ते मरतात. हा निसर्गाचा कोप नाही, हा अन्याय आहे. अन्यायाशी लढायला निघालेल्या बाईने आपल्या भावाचं धुराडं तेवढं वगळावं? मग मी उद्या बेकरीवाल्याला कोणत्या तोंडाने सांगू?

पण तुझी मागणी रास्त आहे. विजेची भट्टी होईल, मी करून घेईन. हा नगराध्यक्षांचा नाही, तुझ्या ताईचा शब्द आहे.

अण्णांना नमस्कार. त्यांचा खोकला कसा आहे?

ताई


भट्टीवरून
१८ मार्च

ताई,

अण्णा बरे आहेत. खोकतात, पण तो खोकला माझ्या जन्माआधीचा आहे.

वीज कंपनीचा इंजिनिअर आला होता. आधी खांबाकडे बघितलं, मग तारेकडे, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "या तारेवर तुमच्या घरची इस्त्री चालते हेच नशीब समजा." भट्टीसाठी नवी मोठी लाइन लागेल आणि ती टाकायची नगरपालिकेने.

म्हणून तुझ्या कचेरीत गेलो. तू दौऱ्यावर होतीस. कारकून म्हणाला, लाइनचा निधी वरून येणार, शहराला शून्याचं प्रमाणपत्र मिळाल्यावर. प्रमाणपत्र कधी? भट्टी बंद झाल्यावर. भट्टी बंद कधी करायची? विजेची आली की. ती कधी येणार? लाइन टाकली की. मी म्हटलं, "साहेब, हे जरा पुन्हा सांगा, मला चक्कर आल्यासारखं होतंय." तो म्हणाला, "सगळ्यांनाच होतं. म्हणून समोर बाक ठेवलाय."

त्या बाकावर बराच वेळ बसलो. माझ्या शेजारी बेकरीवाला बसला होता. त्यालाही तेच उत्तर मिळालं होतं.

ताई, या गोल फिरण्यातून बाहेर पडायचं दार तुलाच माहीत असेल. सांग.

धाकटा


घरून
२५ एप्रिल

धाकट्या,

दार सापडलं.

महिनाभर मी वरच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. तिथे भाषण करून काही होत नाही. समोरचा माणूस चहा मागवतो आणि आपलं सगळं म्हणणं त्या चहात विरघळून जातं. शेवटी आमच्या सल्लागाराने नकाशा पसरला. कार्बन मोजतात तो शहराच्या हद्दीच्या आतला. तुमची गल्ली ओढ्यापलीकडे, हद्दीच्या अगदी काठाला. ती थोड्या काळापुरती हद्दीबाहेर दाखवली तर भट्टीही चालू राहते आणि शहरही शून्यावर येतं. मग निधी सुटेल, लाइन टाकू, विजेची भट्टी पेटेल आणि गल्ली परत आत येईल. नोव्हेंबरच्या सभेत गल्ली परत घ्यायचा ठराव मी स्वतः मांडेन.

कागदावरची एक रेघ सरकणार, एवढंच. तुमचं घर, दार, रस्ता जिथल्या तिथे.

गल्लीतल्या लोकांची संमती लागेल. माझं ते ऐकतीलच असं नाही. तुझं ऐकतात. फार विचार करत बसू नकोस. मीही बसले नाही.

ताई


भट्टीवरून
१४ मे

ताई,

झालं तुझं काम. भट्टीसमोरच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भाषण केलं. तुझ्यासारखा हात वर करायला गेलो तर अण्णा म्हणाले, "काय रे, खांदा धरलाय का?"

हद्दवाढ सगळ्यांनी ऐकली होती, हद्दकपात ऐकून लोक आधी हसले. मग शिंपीणमावशी उठल्या. त्या म्हणाल्या, "मला सासूने दोन दिवसांसाठी म्हणून घराबाहेर काढलं होतं. मी अजून बाहेरच आहे." मी म्हटलं, "मावशी, अध्यक्ष माझी सख्खी बहीण आहे." त्या म्हणाल्या, "सासूही माझी सख्खीच होती." सगळे पुन्हा हसले आणि हसता हसता सह्या झाल्या.

खरं सांगू? मला फक्त एवढंच दिसत होतं की आग चालू राहते. आपल्या घरात लहानपणापासून दुसरं काही बघायला शिकवलंच नाही.

धाकटा


भट्टीवरून
२० ऑगस्ट

ताई,

जूनमध्ये एक पत्र टाकलं, जुलैत एक. उत्तर नाही. कदाचित तुला मिळालीच नसतील, कारण गल्लीच्या तोंडाची टपालपेटी उचलून नेली. आता टपाल पलीकडच्या गावावरून फिरून जातं. तिथल्या ग्रामपंचायतीला आम्ही विचारलं, आम्ही तुमचे का? ते म्हणाले, आम्हाला कुठे कुणी कळवलंय? म्हणजे सध्या आम्ही कुणाचेच नाही.

तुमच्या आवाज न करणाऱ्या नव्या बस ओढा न ओलांडताच वळतात. कचऱ्याची गाडी बंद झाली. तुझी लाइनही येणार नाही. इंजिनिअर म्हणाला, नगरपालिकेला हद्दीबाहेर खांब रोवता येत नाही. सल्लागाराच्या नकाशात हे कुठे लिहिलं होतं का?

पण मी लिहितोय ते यासाठी नाही. कचऱ्याची गाडी परत सुरू झाली आहे. आमचा कचरा न्यायला नाही, तुमचा आणायला. गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत तुमच्या शहराच्या ठेकेदाराने कचरा जाळायचं यंत्र उभं केलंय. बेकरीवाल्याने शहरातल्या भट्ट्या बंद केल्या आणि इथे दोन लावल्या. गॅरेजवालेही आले. जागा बघायला रोज कुणी ना कुणी येतं आणि सगळे एकच विचारतात, "ही हद्दीबाहेरच आहे ना नक्की?" तुझ्या शहरात जे जे जळत होतं, ते सगळं आता माझ्या दारात जळतंय आणि तुमच्या हिशेबात ते कुठेच नाही.

शिंपीणमावशींच्या नातीला दमा लागला. मावशी मला काही बोलत नाहीत. मी दिसलो की मशीन थांबवतात आणि मी जाईपर्यंत नुसत्या बसून राहतात. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अण्णांचा खोकला आता वेगळा आहे.

यंत्राच्या परवानगीवर सही कुणाची आहे?

धाकटा


घरून
१५ सप्टेंबर

धाकट्या,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, कारण द्यायला उत्तर नव्हतं.

सही माझी आहे. कचरा कुठेतरी जायलाच हवा होता. हद्दीत जाळला असता तर शून्य मोडलं असतं. सभेत मी विरोधात बोलले. चांगलं बोलले. सगळ्यांनी बाकं वाजवली आणि मतं यंत्राच्या बाजूने दिली. माझी सही ही नुसती रीत होती, असं मी स्वतःला सांगते.

आता माझी स्थिती ऐक. शून्याच्या भरवशावर बस आल्या. शाळांवर गार छपरं चढली. बाजारामागच्या खोल्यांना खिडक्या पाडल्या, मी उभी राहून पाडून घेतल्या. या उन्हाळ्यात एकही मूल बाकावर पडलं नाही. शून्य मोडलं तर हे सगळं परत जाईल. मला उठून खरं बोलायचं असतं आणि बोलायला गेले की ती मुलं डोळ्यांसमोर येतात.

नोव्हेंबरात मी ठराव मांडेनच. गल्ली आत आली तर ते यंत्र आणि त्या बेकऱ्या तिथे एक दिवस राहू शकणार नाहीत. पण निम्मे सदस्य म्हणतात, भट्टी पेटती असताना गल्ली आत घेणार नाही. म्हणजे गल्ली आत हवी तर भट्टी विझवावी लागेल आणि भट्टी हवी तर गल्ली बाहेर राहील. तुला दोन्ही देण्याचा शब्द मी दिला होता. दोन्ही माझ्या हातात नाही.

अण्णांना काही दिवस माझ्याकडे पाठव. गाडी पाठवते.

ताई


भट्टीवरून
६ नोव्हेंबर

ताई,

अण्णा आले नाहीत याचा राग मानू नकोस. "भट्टी सोडून कुठे?" म्हणाले. आता ती अडचण उरली नाही.

भट्टी विझवली.

तुला फोन केला नाही, कारण तू मला थांबवलं असतंस आणि मी थांबलो असतो. मावशींच्या नातीला परवा श्वास लागला. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबून तिला आत बसवली होती. या गल्लीला हद्दीबाहेर मी काढलं, माझ्या त्या एका भाषणाने. आता तुझ्या सदस्यांना सांग, भट्टी थंड आहे, येऊन हात लावून बघा. गल्ली आत घ्यायला आता त्यांच्याकडे काही सबब नाही.

अण्णांना आधी सांगितलं. त्यांनी सकाळची पाळी कुणाची आहे ते विचारलं. मग म्हणाले, "माझ्या पाळीत विझव. तुझ्या पाळीत विझली असं कुणी म्हणायला नको." सकाळी त्यांना खुर्चीसकट आणून भट्टीसमोर बसवलं. टाकीचं तोंड फोडून काच खड्ड्यात सोडली. ती नेहमीच्याच रंगाची वाहत होती, जणू बाटल्यांसाठीच निघाली होती. मग मी जळणाचं तेल बंद केलं. दुपारपासून विटा तडकू लागल्या. आत कुणीतरी सावकाश बोटं मोडत असल्यासारखा आवाज. अण्णा प्रत्येक आवाजाला मान हलवत होते.

संध्याकाळी सगळे एकदम जेवायला बसलो. तेव्हा कळलं की घरात तेवढी ताटंच नाहीत. कुणीतरी कायम पाळीवर, त्यामुळे कधी लागलीच नाहीत. तुझी भावजय परातीत जेवली.

सभेच्या आधी हे पत्र तुला मिळावं म्हणून चालत जाऊन पलीकडच्या गावच्या पेटीत टाकतोय.

धाकटा


घरून
१० नोव्हेंबर

धाकट्या,

आज सभा झाली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मी सांगते.

ठराव मी मांडला. तासभर बोलले. धुराला हद्द नसते म्हणाले, आपण शून्य केलं नाही, शेजाऱ्याच्या अंगणात लोटलं, असंही म्हणाले. मतं समसमान पडली. अशा वेळी निर्णायक मत अध्यक्षांचं असतं.

मी गल्ली बाहेर ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. स्वतःच्या ठरावाविरुद्ध. सभागृहात कुणी हसलंही नाही.

त्या क्षणी मला ताटावरून उठून जाणारे अण्णा दिसले. गल्ली आत आली की दुसऱ्या दिवशी मलाच माणसं पाठवून ती भट्टी विझवावी लागली असती. ज्या आगीसाठी त्यांनी माझं लग्न अर्ध्यावर सोडलं, ती मी विझवू? माझ्याने ते झालं नाही. भट्टी तरी राहू दे म्हटलं.

शून्यही वाचलं, हे तुला वेगळं सांगायला नको. मी कशासाठी हात वर केला, भट्टीसाठी की शून्यासाठी, हे विचारू नकोस. मी स्वतःला विचारून पाहिलं. मी इतकी वर्षं बोलत आले, पण याचं उत्तर मला सापडत नाही.

या सदस्यांची पाच वर्षांची मुदत संपायला अजून बराच अवकाश आहे. तोवर हा विषय पुन्हा आणता येणार नाही. आग सांभाळा.

ताई


घरून
१६ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं सहा तारखेचं पत्र आज आलं.

मी राजीनामा लिहून ठेवला आहे. दुसरं काय करावं ते कळत नाही. तू सांगशील ते करीन.

ताई


गल्लीतून
१९ डिसेंबर

ताई,

दोन्ही पत्रं मिळाली. दहाचं आधी आलं. मी ते अण्णांना वाचून दाखवलं नाही. ठराव पडला एवढंच सांगितलं.

राजीनामा फाडून टाक. तुझ्या जागी जो येईल तो पत्राला उत्तरही देणार नाही. तुला तिथेच बसावं लागेल, ताई. मला इथे बसावं लागतंय तसंच.

परवा समारंभाच्या दिवशी शहरात आलो होतो, लांबूनच. तू प्रमाणपत्र घेतलंस तेव्हा मी झाडाखाली उभा होतो. शहर चांगलं दिसतं. उगाच खोटं कशाला बोलू? हवा हलकी लागते, बसचा आवाज येत नाही, शाळेतली मुलं सरळ बसलेली दिसतात. तू भाषण फार लहान केलंस. लोकांना चुकल्यासारखं वाटलं. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "बाईंचा घसा बसलाय वाटतं."

आता कामाचं. मी नोकरी धरली. कचऱ्याच्या यंत्रावर. त्यांना आग सांभाळणारा माणूस हवा होता आणि गल्लीत दुसरं काम नाही. ठेकेदाराने विचारलं, अनुभव आहे का? मी हो म्हटलं. सकाळची पाळी आहे. दुपारी माझ्यानंतरचा माणूस उशिरा आला तर मी त्याच्या येण्याची वाट बघत थांबतो. तो हसतो. म्हणतो, "कचराच आहे, पळून जातोय का?" पण आग एकटी सोडून माझा पाय निघत नाही.

मावशी आता बोलतात माझ्याशी. 'आलास का?' एवढंच. नातीला त्यांनी लेकीकडे पाठवलं.

तुझ्याकडे एक मागणं आहे. लोक ओला आणि सुका कचरा एकत्र टाकतात. ओला नीट जळत नाही, नुसता धुमसतो आणि त्याचा धूर वर न जाता गल्लीत बसतो. अण्णांची खिडकी त्याच बाजूला आहे. कचरा वेगळा करून टाकला तर आग स्वच्छ लागते, त्रास पुष्कळ कमी होईल. हे हद्दीच्या आतल्या लोकांना कुणीतरी सांगायला हवं.

एखाद्या सभेत सांग. तुझं लोक ऐकतात.

धाकटा